गोव्याच्या परसात रसभरी: पेरणीपासून सासवापर्यंत

पाऊस ओसरू लागला की शेताच्या बांधावर, पडीक भाटात, कधी घराच्या जोत्यालगतच्या मातीतही एक गुडघाभर उंचीचे झुडूप दिसते. त्याच्या पानांआड हिरव्या कागदी कंदिलांसारख्या पिशव्या लोंबत असतात आणि मुले त्या कपाळावर आपटून फट्‌कन फोडतात. मराठीत या झुडपाला चिरबोटी, रानपोपटी, फोपटी अशी नावे आहेत. फळांच्या दुकानांत हिवाळा सरताना लहान डब्यांतून जी सोनेरी रसभरी विकायला येते, ती या रानपोपटीची थोरली बहीण होय. दोघीही फायसॅलिस या एकाच प्रजातीतील असून ही प्रजाती वांगी, मिरची, टोमॅटो यांच्या कुळात मोडते. हे नाते ध्यानात ठेवले की रसभरीची निम्मी लागवड समजल्यासारखी आहे, कारण वांग्याला जे मानवते ते बहुतेक रसभरीलाही मानवते आणि वांग्याला जे मारते ते रसभरीलाही मारते.

उरलेली निम्मी लागवड म्हणजे वेळ. रसभरीविषयीची जी माहिती सहज वाचायला मिळते ती थंड देशांतील बागांसाठी लिहिलेली असते. तिच्यात घरात बी रुजवून वसंतात, शेवटचे हिमतुषार पडून गेल्यावर रोपे बाहेर लावावीत असे सांगितलेले असते. गोव्यात हा सल्ला पाळून मार्चमध्ये रोप लावले, तर ते एप्रिल-मेच्या उन्हात फुले गाळते आणि जूनच्या पहिल्या झडीत कुजते. आपल्याकडे रसभरी हे वायंगणाच्या हंगामातील पीक समजावे, म्हणजे पावसाळा संपताना रुजवायचे आणि थंडीत वाढवायचे. खालील सर्व मार्गदर्शन याच एका गोष्टीभोवती बांधलेले आहे.

कोणती जात निवडावी

बियांच्या पाकिटांवर एकाच नावाखाली निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, म्हणून निवडीवर थोडा वेळ खर्च करणे योग्य ठरते.

पहिली केप गूजबेरी, म्हणजे आपल्या बाजारातील रसभरी. तिचे शास्त्रीय नाव फायसॅलिस पेरुव्हियाना असून तिचे मूळ स्थान दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या परिसरात आहे. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, केप ऑफ गुड होप येथे तिची लागवड 1807 पूर्वीपासून होत होती आणि ‘केप’ हा शब्द तिच्या नावाला तिथूनच चिकटला. तिचे झाड मीटरभर, चांगली माती मिळाल्यास त्याहूनही उंच वाढते. पाने हृदयाच्या आकाराची असून त्यांवर मखमलीसारखी लव असते. फूल पिवळे असते आणि त्याच्या तळाशी गडद जांभळट-तपकिरी ठिपके असतात.

दुसरी ग्राउंड चेरी. ही उत्तर अमेरिकेतील असून तिचे आजचे शास्त्रीय नाव फायसॅलिस ग्रीसिया आहे, मात्र पाकिटांवर अजूनही बहुधा ‘प्रुइनोसा’ हे जुने नाव छापलेले आढळते. हे झुडूप बुटके असते आणि उंच वाढण्यापेक्षा आडवे पसरते. फळ पिकले की पिशवीसकट जमिनीवर गळून पडते, आणि तिच्या इंग्रजी नावातील ‘ग्राउंड’ हा शब्द त्यावरूनच आला आहे. चवीला ती पेरुव्हियानापेक्षा कमी आंबट असून अननसाची आणि किंचित व्हॅनिलाची आठवण करून देते. ‘आंट मॉलीज’ हे तिचे प्रसिद्ध वाण आहे.

तिसरी वनस्पती टोमॅटिलो, आणि तिच्यापासून सावध राहावे. मेक्सिकोतील हिरव्या चटणीसाठी ती उत्तम असली तरी रसभरी म्हणून ती निरुपयोगी आहे. एके वर्षी मी एका बीविक्रेत्याकडून रसभरीचे बी मागवले आणि त्यातून एकच रोप वाचवू शकलो. ते जोमाने वाढले, डिसेंबरभर फुलले, पण त्याला एकही फळ धरले नाही. पुढे पाने नीट पाहिली तेव्हा ती गुळगुळीत आणि अरुंद असल्याचे लक्षात आले. ते टोमॅटिलोचे झाड होते. टोमॅटिलोचे फूल स्वतःच्या परागाने फळत नाही, त्याला जवळपास दुसरे झाड लागते. रसभरी आणि ग्राउंड चेरी यांना अशी जोडी लागत नाही, त्यांचे एकटे झाडही भरभरून फळते. चार-पाच पानांच्या रोपाच्या पानावरून बोट फिरवून पाहावे. लव लागली नाही तर पाकिटावरच्या नावावर विश्वास ठेवू नये.

आता प्रश्न उरतो तो कोणती घ्यावी याचा. रोप जमिनीत लावल्यापासून पहिले फळ हाती येण्यास ग्राउंड चेरीला साधारण 65 ते 75 दिवस लागतात, तर पेरुव्हियानाला 90 ते 120 दिवस. गोव्यात रात्री गार असण्याचा काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढाच असल्यामुळे हा फरक लहान नाही. माझ्या मते बार्देश, तिसवाडी, मुरगाव अशा किनारपट्टीच्या भागांत, तसेच गच्चीवर आणि बाल्कनीत ग्राउंड चेरी लावावी. सत्तरी, धारबांदोडा, सांगे या आतल्या भागांत, जिथे पहाटे गारवा आणि दव अधिक असते, तिथे पेरुव्हियाना चांगली येते आणि तिची फळेही मोठी असतात. ग्राउंड चेरीचे बी मिळाले नाही तर दुकानातील पिकलेल्या रसभरीतूनच बी काढावे. एका फळात शंभराहून अधिक बिया असतात आणि त्या सहज रुजतात. रानपोपटीचे रोप उपटून आणून लावण्याचा मोह मात्र टाळावा. तिचे फळ लहान असते, चव प्रत्येक झाडागणिक बदलते, काही कडवटही निघतात.

पंचांगाप्रमाणे आखणी

तारखांपेक्षा सण लक्षात राहतात, म्हणून सणांच्या भाषेत सांगतो. चतुर्थी आटोपून माटोळी (गणपतीवर बांधलेली फळा-पानांची सजावट) उतरली की माती तयार करण्यास घ्यावी. नवरात्रात बी पेरावे. दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या आठवड्यात रोपे कायमच्या जागी लावावीत. असे केल्यास ग्राउंड चेरीची पहिली फळे जानेवारीत आणि पेरुव्हियानाची फेब्रुवारीत मिळतात. तोडणी शिमग्यानंतरही काही काळ चालू राहते. ऑक्टोबरात दुपारी कडक ऊन आणि संध्याकाळी गडगडाटी सर असा प्रकार असतो, म्हणून त्या महिन्यात रोपे आडोशाला ठेवूनच वाढवावीत.

पावसाळ्यात पीक घेता येईल का, असे अनेकजण विचारतात. गोव्यात वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. लवदार पाने आणि कागदी पिशव्या असलेल्या झाडाला इतका ओलावा सोसत नाही. पिशवीत पाणी शिरते, फळाला बुरशी धरते आणि मुळे गुदमरतात. रानपोपटी पावसात तग धरते म्हणून रसभरीही धरेल, असे मानू नये.

माती

आपली तांबडी जांभ्याची माती पाण्याचा निचरा चांगला करते आणि रसभरीला नेमके तेच हवे असते. अडचण तिच्या आम्लतेची असते, कारण जोरदार पावसाने मातीतील चुना वाहून जातो. रसभरीला सामू (मातीच्या आम्लतेचे माप, पीएच) 6 च्या आसपास किंवा थोडा वर असलेला मानवतो. माती तपासून घेणे केव्हाही चांगले, आणि त्यासाठी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करावी. तपासणी शक्य नसेल तर दर चौरस मीटरला मूठ-दीड मूठ शेतीचा चुना किंवा डोलोमाइट मातीत मिसळून दोन-तीन आठवडे तसाच ठेवावा. चुना आणि शेणखत एकाच दिवशी घालू नये, कारण त्यामुळे खतातील नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. आधी चुना घालावा आणि पंधरवड्याने खत.

खत बेताने घालावे, हे मी चूक करून शिकलो. कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, सुपारीला घालतो तसे शेणखत मी पहिल्या वर्षी रसभरीला ओतले आणि छातीपर्यंत वाढलेले, गडद हिरवे, देखणे झुडूप मिळवले. फळे मात्र मूठभर लागली. जास्त नत्र मिळाले की हे झाड पाने काढत बसते. चौरस मीटरला दोन-तीन किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट आणि एक मूठ निंबोळी पेंड एवढे पुरे होते. वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा, म्हणजे अवकाळी सर आली तरी पाणी मुळांशी साचत नाही.

पिशवीत किंवा कुंडीत लावायचे असल्यास ग्राउंड चेरीला 15 लिटर आणि पेरुव्हियानाला निदान 20 ते 25 लिटर माती मावेल असे भांडे घ्यावे. दोन भाग तांबडी माती, एक भाग कंपोस्ट आणि एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) हे मिश्रण चालते. कोकोपीट मिठाचे असू शकते, म्हणून ते दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्यावे. खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीजवळच्या विहिरींचे पाणी मार्चनंतर मचूळ होते; पानांच्या कडा जळाल्यासारख्या दिसू लागल्या तर खताला दोष देण्याआधी पाण्याची चव घेऊन पाहावी.

कुंडीत लावण्यामागे एक मोठे कारण आहे, ते म्हणजे जिवाणूजन्य मर. ज्या वाफ्यात गेल्या दोन-तीन वर्षांत वांगी, मिरची, टोमॅटो किंवा बटाटा होता, तिथे रसभरी लावू नये. आगशीची वांगी ज्याने परसात लावून पाहिली असतील, त्याला हिरवेगार झाड एका दुपारी अचानक मान टाकते आणि पुन्हा उठत नाही, हा अनुभव आला असेलच. हा जिवाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतो आणि उष्ण, ओल्या, आम्लधर्मी मातीत तो अधिक बळावतो. परसात वांग्याच्या कुळाबाहेरची जागा उरली नसेल तर सरळ नव्या मातीच्या पिशव्या वापराव्यात.

बी रुजवणे

बी फार बारीक असते, वांग्याच्या बियांपेक्षाही लहान. प्रो-ट्रे (रोपांसाठीचा खणांचा ट्रे) असल्यास उत्तम, नसल्यास दह्याचे रिकामे डबे तळाशी भोके पाडून वापरावेत. त्यांत चाळलेले कंपोस्ट आणि कोकोपीट समप्रमाणात भरून मिश्रण आधीच ओले करावे, कारण पेरल्यावर वरून पाणी ओतले की बिया एका कोपऱ्यात वाहून जातात. प्रत्येक खणात दोन-तीन बिया टाकून त्यांवर मिश्रणाचा अर्धा सेंटिमीटरहून जाड थर देऊ नये. पाणी फवाऱ्याने द्यावे.

गोव्यातील ऑक्टोबरची उष्णता उगवणीला पोषक असते. बहुधा आठव्या-दहाव्या दिवशी पहिले कोंब दिसतात, परंतु काही बिया तीन आठवडेही घेतात. त्यामुळे ट्रे लवकर फेकून देऊ नये. या काळातील खरा धोका रोपे कोलमडण्याचा असतो. बुंधा मातीलगत बारीक, पाणचट होतो आणि रोप आडवे पडते. सतत ओली माती आणि कोंदट हवा हे त्याचे कारण असते. पाणी सकाळीच द्यावे, ट्रे वाऱ्याच्या जागी ठेवावा आणि वरचा थर किंचित सुकल्यावरच पुन्हा पाणी द्यावे.

दोन खरी पाने आली की प्रत्येक खणात एकच सशक्त रोप ठेवून बाकीची कात्रीने कापावीत. उपटली तर शेजारच्या रोपाची मुळे दुखावतात. रोपे वीतभर होईपर्यंत म्हणजे चार ते सहा आठवडे आडोशाला ठेवावीत. शेवटच्या आठवड्यात त्यांना रोज थोडे अधिक ऊन दाखवावे. थेट माडाच्या सावलीतून भर उन्हात नेलेले रोप पांढरे पडते आणि सावरायला पंधरवडा घेते, आणि आपल्याकडे हंगामात तेवढे दिवस नसतात.

पुनर्लागवड आणि देखभाल

जागा निदान सहा तास उन्हाची असावी. सकाळचे ऊन मिळून दुपारनंतर माडाची विरळ सावली पडणारा भाग किनारपट्टीवर सर्वांत सोयीचा ठरतो. लागवड संध्याकाळी करावी. ग्राउंड चेरीची दोन रोपे 60 सेंटिमीटर अंतरावर आणि पेरुव्हियानाची 90 सेंटिमीटर अंतरावर ठेवावीत. टोमॅटोप्रमाणे रसभरीचे रोपही खालची एक-दोन पाने काढून थोडे खोल लावता येते, कारण पुरलेल्या बुंध्यालाही मुळे फुटतात. पहिले चार दिवस वर माडाचे झावळ टेकवून ठेवावे.

आच्छादन अवश्य करावे. पेंढा, सुकी पाने, सुपारीच्या सुकलेल्या विऱ्यांचे (पानांच्या देठाकडील रुंद आवरणांचे) तुकडे यांपैकी जे हाताशी असेल ते दोन-तीन बोटे जाडीचे पसरावे, मात्र बुंध्यापासून चार बोटे अंतर सोडावे. जानेवारीनंतर तांबडी माती दिवसभरात वाळते आणि आच्छादनामुळे पाण्याची पाळी निम्मी होते. फुले येईपर्यंत वाफ्याला दोन दिवसांआड आणि कुंडीला बहुधा रोज पाणी लागते. फळे पिकू लागली की पाणी थोडे कमी करावे, परंतु एकदम तोडू नये. कोरड्या मातीवर अचानक भरपूर पाणी पडले की पिशवीच्या आत फळ तडकते आणि बाहेरून ते कळतही नाही.

पेरुव्हियानाच्या फांद्या ठिसूळ असतात आणि फळांच्या भाराने सांध्यापाशी मोडतात. लागवडीच्या वेळीच दोन बांबू रोवून त्यांना आडव्या सुतळ्या बांधाव्यात, म्हणजे नंतर मुळांना धक्का लागत नाही. आतल्या बाजूच्या दाटीच्या काही फांद्या काढून चार ते सहा मुख्य फांद्या ठेवल्यास हवा खेळती राहते. ग्राउंड चेरीला आधार नको आणि छाटणीही नको, तिला हवे तसे पसरू द्यावे. फुले येण्याच्या सुमारास प्रत्येक झाडाला एक ओंजळ गांडूळखत आणि चिमूटभर लाकडाची राख द्यावी. राख चुन्यासारखीच मातीचा सामू वाढवते, म्हणून तिचा अतिरेक करू नये.

फुलांतील पराग कंपनाने मोकळा होतो. परसात मधमाश्या आणि भुंगे हे काम करतात. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील बाल्कनीत ते फिरकत नसतील तर सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फांद्यांवर बोटांनी हलकेच टिचक्या माराव्यात. फार उष्ण दिवसांत फूल न फळता गळते. मार्चच्या मध्यानंतर असे होऊ लागले तर झाडाला काही रोग झाला असे समजू नये.

रोग आणि किडी

वांग्यावर येणारा ठिपक्यांचा भुंगेरा आणि त्याची पिवळी काटेरी अळी पानांचा हिरवा भाग खरवडून जाळी करतात. परसातील चार-सहा झाडांसाठी औषध फवारण्याची गरज नसते. सकाळी पान उलटून अंडी, अळ्या आणि भुंगेरे हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकले की भागते. पांढरी माशी अधिक त्रासदायक असते, कारण ती पाने वाकडी करणारे विषाणू पसरवते. पिवळे चिकट सापळे झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावावेत आणि आठवड्यातून एकदा निंबोळी अर्काची फवारणी पानांच्या खालच्या बाजूने संध्याकाळी करावी. शेंड्याची पाने आकसून, पिवळसर आणि जाड झालेले झाड उपटून टाकणेच शहाणपणाचे असते. पिशवीला बारीक गोल भोक दिसले तर आत फळ पोखरणारी अळी आहे असे समजावे. ती पिशवी तोडून नष्ट करावी.

मर कशामुळे आली हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. कोमेजलेल्या झाडाचा बुंधा जमिनीलगत कापून त्याचा बोटभर तुकडा काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात उभा धरावा. काही मिनिटांत कापलेल्या भागातून दुधट धागे पाण्यात उतरू लागले तर ती जिवाणूजन्य मर आहे. अशा झाडावर उपाय नाही. ते मुळासकट काढावे, कंपोस्टात टाकू नये, हाताळलेली कात्री धुवावी आणि त्या जागी पुढील हंगामात मका, भेंडी किंवा तांबडी भाजी घ्यावी.

माकडे आणि मोर यांचा उपद्रव गोव्यात कोणत्या पिकाला नाही? रसभरीला मात्र पिशवीमुळे थोडे संरक्षण मिळते, कारण हिरव्या पानांत हिरवे-पिवळे फळ झटकन दिसत नाही. खारीला ते कळते. जमिनीवर गळलेली फळे मुंग्या आणि उंदीर पळवतात, म्हणून ती रोज उचलावी लागतात.

पिकण्याची खूण आणि तोडणी

या भागाकडे कोणी दुर्लक्ष करू नये, कारण इथे प्रश्न केवळ चवीचा नाही. रसभरीचे हिरवे फळ, पाने, देठ आणि पिशवी यांत बटाट्याच्या हिरव्या सालीत असतात त्या जातीची विषारी द्रव्ये असतात. कच्चे फळ खाल्ल्यास उलटी, पोटदुखी आणि जुलाब होऊ शकतात. घरात लहान मुले असतील तर ‘पिशवी वाळली आणि आतले फळ पिवळे झाले तरच खायचे’ हा नियम त्यांना पहिल्याच दिवशी शिकवावा.

फूल गळल्यावर त्याचा निदलपुंज (फुलाच्या तळाचे हिरवे आवरण) फुगून फळाभोवती पिशवी तयार होते. पिशवी आधी पूर्ण आकाराची होते आणि फळ तिच्या आत मागाहून भरते, त्यामुळे पिशवी मोठी दिसली म्हणून तोडण्याची घाई करू नये. पिशवी हिरवीची पोपटी, मग फिकट पिवळी, मग कागदासारखी कोरडी होते. पेरुव्हियानाचे फळ आत गडद सोनेरी-नारिंगी झाले की देठाशी किंचित वळवताच सुटून येते. ओढावे लागले तर ते तयार नाही. ग्राउंड चेरी झाडावरून तोडूच नये. झाडाखाली जुनी साडी किंवा चटई अंथरून ठेवावी, सकाळी फांद्या हलकेच हलवाव्यात आणि जी पडतील तेवढीच उचलावीत. पडलेली पण अजून हिरवट दिसणारी फळे पिशवीसकट टोपलीत तीन-चार दिवस ठेवल्यास पिवळी होतात. झाली नाहीत तर टाकून द्यावीत.

पिशवीतील फळ हवेशीर टोपलीत एका थरात ठेवल्यास जानेवारीच्या कोरड्या हवेत दोन-तीन आठवडे सहज टिकते. मार्चनंतर दमटपणा वाढतो, तेव्हा कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवावे. प्लास्टिकच्या बंद पिशवीत बुरशी येते. फळावर एक चिकट, मेणासारखा थर असतो, तो खाण्यापूर्वी कोमट पाण्यात चोळून काढावा, नाहीतर जिभेवर कडवटपणा राहतो.

स्वयंपाकघरात

निम्मी फळे झाडापाशीच संपतात हे गृहीत धरून उरलेल्यांचा विचार करावा. फळात पेक्टिन (जाम घट्ट करणारा घटक) भरपूर असल्यामुळे जाम सहज आळतो. अर्धा किलो सोललेली फळे धुऊन, निम्मी अर्धी चिरून आणि निम्मी अख्खी, जाड बुडाच्या भांड्यात अर्धी वाटी पाण्यासह मंद आचेवर ठेवावीत. ती फुटून मऊ झाली की 300 ते 350 ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस घालून सतत ढवळावे. गार बशीवर थेंब टाकून बोटाने सारल्यावर तो सुरकुतला की जाम झाला. उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेल्या काचेच्या बरणीत तो गरम असतानाच भरावा.

माझ्या मते रसभरीचा सर्वांत उत्तम उपयोग सासवात, म्हणजे मोहरी-नारळाच्या वाटणातील फळांच्या कालवणात होतो. आंब्याचा हंगाम सुरू होण्याआधी, घोटां (लहान रानआंबे) अजून हिरवी असताना, सासवाची हौस भागवणारे दुसरे फळ परसात नसते. दोन वाट्या सोललेली फळे घेऊन प्रत्येकाला सुरीने एक चीर द्यावी, म्हणजे गूळ आत मुरतो. ती पाव वाटी पाण्यात पाच मिनिटे वाफवावीत आणि चवीप्रमाणे गूळ घालावा. माडाचा गूळ असल्यास त्याचा किंचित धुरकट स्वाद या फळाशी फार जुळतो. एक चमचा मोहरी कोरडीच, तडतडू लागेपर्यंत भाजावी. एक वाटी खवलेला नारळ, दोन-तीन सुक्या मिरच्या आणि चिमूटभर हळद बारीक वाटून घ्यावी आणि वाटण होत आले की शेवटी मोहरी घालून मिक्सर केवळ क्षणभर फिरवावा. मोहरी जास्त वाटली गेली की सासव कडू होते. वाटण फळांत मिसळून मीठ घालावे, एक कढ येऊ द्यावा आणि लगेच उतरवावे. सासव दुपारी करून रात्री वाढले तर मोहरीचा झणका फळात उतरलेला असतो. पेरुव्हियाना आंबट असल्यामुळे सासवाला तीच घ्यावी. ग्राउंड चेरीचे सासव गोडमिट्ट होते.

फळे अर्धी चिरून उन्हात वाळवता येतात, पण किनारपट्टीच्या हवेत ती फेब्रुवारी संपण्याआधीच वाळवावीत. तीन-चार दिवसांच्या कडक उन्हात ती बेदाण्यासारखी होतात आणि शेवयांच्या खिरीत चांगली लागतात.

बी राखणे आणि झाड काढणे

हंगामाच्या मध्यावर, सर्वांत निरोगी झाडाची पाच-सहा पूर्ण पिकलेली फळे बियांसाठी बाजूला काढावीत. ती वाटीभर पाण्यात कुस्करून एक दिवस ठेवावीत. गर वर तरंगतो आणि चांगल्या बिया तळाशी बसतात. वरचे पाणी ओतून, बिया चहाच्या गाळणीत धुऊन, बशीवर सावलीत आठवडाभर वाळवाव्यात. वर्तमानपत्रावर वाळवल्यास त्या कागदाला चिकटतात. पावसाळ्यातील दमट हवा हा बियांचा शत्रू असल्यामुळे कागदी पुडी काचेच्या बाटलीत ठेवून, तळाशी चमचाभर भाजलेले कोरडे तांदूळ घालून, झाकण घट्ट लावून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. पुडीवर जात आणि वर्ष लिहावे. अशा बिया तीन-चार वर्षे चांगल्या रुजतात.

पेरुव्हियाना मुळात बहुवर्षायू आहे, म्हणून एप्रिलमध्ये छाटून पुढील हंगामासाठी राखावी असे वाटू शकते. मी दोनदा प्रयत्न केला. एक झाड पडवीच्या छपराखाली कुंडीत पावसाळा काढून उरले, परंतु त्याची फळे नव्या रोपांपेक्षा लहान आली. मेच्या पहिल्या आठवड्यात झाडे काढून, निरोगी असतील तर तुकडे करून कंपोस्टात टाकावीत आणि वाफ्यावर चवळी पेरून द्यावी. चुकून मातीत राहिलेल्या फळांतून पावसानंतर रोपे आपोआप उगवतात. त्यांतली दोन-तीन ट्रेमध्ये उचलून आडोशाला घेतली तर त्या वर्षीची पेरणी वाचते.